मेंडोलिनची सुधारणा: वाद्याची की वादकाची?

वाद्यांच्या बाबतीत आपल्या समाजात दोन समज चांगलेच रुजलेले आहेत. एक असा की, भारी किमतीचे वाद्य हाती आले म्हणजे संगीत आपोआप सुधारते. दुसरा नेमका त्याच्या उलट: खऱ्या कलावंताला वाद्य कोणतेही चालते, वाद्याची चिंता वाहणे हे हौशी माणसाचे लक्षण होय. पहिला समज विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे, तर दुसरा आळशी वादकांच्या. ह्या दोहोंची परीक्षा करावयाची झाल्यास मेंडोलिनइतके सोयीचे वाद्य क्वचितच सापडेल. ते आकाराने लहान, किमतीने अगदी स्वस्त ते अगदी महाग, साधे आणि विजेवर चालणारे अशा दोन्ही रूपांत मिळणारे, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत ज्याच्या अंगावर नाना प्रकारचे प्रयोग झाले असे वाद्य आहे. शिवाय आपल्याकडील भजनी मंडळांत आणि उत्सवांच्या मेळ्यांत हार्मोनियमच्या जोडीला ते अधूनमधून दिसू लागले असल्याने त्याची खरेदी, जुळवणी आणि ‘सुधारणा’ हा प्रश्न केवळ शहरी शौकिनांचा राहिलेला नाही. देणगीचा पैसा त्यात जातो, आणि तो कोठे जावा ह्याचा विचार कोणी तरी करावयास हवा.

प्रथम वाद्याची ओळख. आज आपण ज्याला मेंडोलिन म्हणतो त्याचे मूळ घर इटलीतील नेपल्स हे शहर. भोपळ्याच्या फाकेसारखी फुगीर पाठ, चार जोडांत बसविलेल्या आठ तारा, आणि नखीने छेडण्याची रीत ही त्याची खूण. तारा व्हायोलिनप्रमाणेच पंचमाच्या अंतराने मिळवितात. खालून वर मोजल्यास त्यांची कंपने सेकंदास सुमारे १९६, २९४, ४४० आणि ६५९ अशी येतात. व्हिवाल्दीसारख्या थोर रचनाकाराने अठराव्या शतकात ह्या वाद्यासाठी कॉन्चेर्तो लिहिले, ह्यावरून त्याचा तेथील मान समजतो. पुढे एकोणिसाव्या शतकात नेपल्समधील विनाच्चिया घराण्याच्या कारागिरांनी त्याला पोलादी तारांना पेलेल असा बांधा दिला. त्यानंतरची मोठी उलथापालथ अमेरिकेत झाली. मिशिगन संस्थानातील कॅलमझू येथील ऑर्व्हिल गिब्सन ह्याने १८९८ साली व्हायोलिनसारख्या कोरीव तबलीच्या मेंडोलिनचे पेटंट मिळविले. १९०२ साली त्याच्या नावाची कंपनी निघाली. आणि १९१९ ते १९२४ ह्या काळात तेथे काम करणाऱ्या लॉइड लोअर ह्या वादक-अभियंत्याच्या देखरेखीखाली १९२२ साली ‘एफ-५’ हा नमुना तयार झाला. गोल छिद्राच्या जागी व्हायोलिनसारखी दोन वळणदार छिद्रे असलेला हा नमुना आजही जगभरचे कारागीर डोळ्यांपुढे ठेवतात.

ह्या वाद्याचे गुण जसे त्याच्या बांध्यात आहेत तसेच दोषही. ताणलेल्या तारेची लांबी जेमतेम तेहतीस ते पस्तीस सेंटिमीटर. त्यामुळे नाद तेजस्वी उठतो, पण फार लवकर विरतो. एकदा छेडलेला स्वर क्षणभरात ओसरतो. युरोपीय वादकांनी ह्यावर तोड काढली ती नखीच्या जलद आंदोलनाची, म्हणजे ‘ट्रेमोलो’ची. एकच स्वर अनेक बारीक आघातांनी जिवंत ठेवावयाचा. पाश्चात्त्य धुनेला ते शोभते. परंतु आपल्या रागसंगीताला हवा असतो तो एका आघातातून निघून दुसऱ्या स्वरापर्यंत न तुटता वाहत जाणारा नाद. ट्रेमोलोने मींड तुकड्यातुकड्यांची होते. मालकंसचा कोमल गंधार आंदोलित होण्याऐवजी थरथरू लागतो. दुसरी अडचण पडद्यांची. सतारीचे पडदे सरकविता येतात. मेंडोलिनचे पडदे दांडीत ठोकून बसविलेले असतात, आणि ते समान अंतराच्या बारा स्वरांसाठी मोजलेले असतात. तिसरी अडचण जोडतारांची: दोन तारा एकाच बोटाने ओढावयाच्या म्हटल्यास दोन्ही सारख्याच चढत नाहीत, आणि स्वर फाटतो. तेव्हा ‘मेंडोलिनवर राग वाजेल काय?’ हा जुन्या जाणकारांचा प्रश्न दुराग्रहाचा नव्हता. त्याला वाद्याच्या रचनेतच आधार होता.

विदेशी वाद्य म्हणून त्याला देवळाच्या मंडपात जागा नको, असे म्हणणाऱ्यांशी मात्र आम्हांस सहमत होता येत नाही. व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणण्याचे श्रेय मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर ह्यांना देतात. आज व्हायोलिनवाचून तेथील मैफल कल्पिता येत नाही. हार्मोनियम तर आपल्या नाट्यसंगीताचा आणि कीर्तनाचा श्वासच होऊन बसला, तोही युरोपातूनच आला. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्यावर बंदी घातली होती. मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या मंडपातील भजनाने ती बंदी कधी मानली असेल असे वाटत नाही. आपल्या मिरवणुकांतील ‘बेंजो’चे उदाहरण तर अधिक बोलके आहे: नाव अमेरिकन बॅन्जोचे, पण वाद्याचे मूळ १९१२ साली जपानातील नागोया येथे निघालेले ‘तैशोगोतो’. तात्पर्य, वाद्याचा जन्म कोठला हा प्रश्न गौण. ते येथील गायकीचे काम करते की नाही, आणि ते करावे म्हणून त्यात काय बदलावे लागले, हा खरा प्रश्न होय. ह्या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे तीन मोठ्या वादकांनी दिली आहेत. तीच आम्ही येथे तपासणार आहोत.

पहिले उत्तर सज्जाद हुसेन ह्यांचे. माळव्यातील सीतामऊ येथे १९१७ साली जन्मलेला हा कलावंत बहुतेकांना ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) ह्या चित्रपटांचा संगीतकार म्हणून ठाऊक आहे. लहानपणी वडिलांपाशी सतार शिकलेल्या ह्या माणसाने पुढे वीणा, व्हायोलिन, बासरी, पियानो अशी अनेक वाद्ये हाताळली. पण त्यांचा जीव जडला तो मेंडोलिनवर. इंदूर-उज्जैनच्या परिसरातील आमच्या वाचकांस हा आपल्या शेजारच्या मातीतला माणूस म्हणून अभिमान वाटावा. त्यांची जी ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास मिळतात त्यांत प्रथम जाणवते ते हे की, वाद्यात फारसे काही बदललेले नाही. तोच पोलादी तारांचा झणत्कार, तोच लवकर विरणारा नाद. बदलला आहे तो हात. सतारीची मींड त्यांच्या बोटांत लहानपणापासून मुरलेली होती आणि ती त्यांनी ह्या अवघड दांडीवर उतरविली. स्वर विरण्यापूर्वीच तो पुढच्या जागी पोहोचलेला असतो. विराम जेथे येतो तेथे तो रागाच्या सोयीने येतो, वाद्याच्या दुबळेपणाने नव्हे.

तथापि टीकाकाराने भक्तीच्या भरात डोळे मिटून चालत नाही. सज्जादांच्या वादनात विलंबित आलापीला मर्यादा पडते, हे मान्य केले पाहिजे. मंद्र सप्तकातला दीर्घ षड्ज त्यांना वाद्य देत नाही, आणि म्हणून त्यांची बुद्धी मध्य आणि तार सप्तकांत अधिक रमते. वाद्याला न बदलता वादकाने स्वतःला बदलावयाचे, ह्या मार्गाची ही किंमत आहे. ती त्यांनी आनंदाने दिली असे त्यांच्या वादनावरून दिसते. पण त्या मार्गाने जाणाऱ्याला सज्जादांची बोटे लागतात, हे विसरून ‘वाद्य कोणतेही चालते’ असे म्हणणे म्हणजे एका असामान्य माणसाच्या पराक्रमावर सामान्यांचा आळस झाकणे होय.

दुसरे उत्तर अमेरिकेतील बिल मन्रो ह्यांचे. १९११ साली केंटकीत जन्मलेला हा गायक-वादक ‘ब्लूग्रास’ ह्या संगीतप्रकाराचा जनक मानला जातो. १९४० च्या दशकात फ्लोरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात त्याला एक जुने मेंडोलिन विक्रीला दिसले. दीडशे डॉलर देऊन त्याने ते घेतले. ते लोअरची सही असलेले, ९ जुलै १९२३ ह्या तारखेचे ‘एफ-५’ होते. पुढे सुमारे अर्धे शतक त्याने तेच वाद्य मुख्यत्वे वाजविले. एकदा दुरुस्तीला पाठविलेले काम मनासारखे होऊन आले नाही म्हणून त्याने वाद्याच्या माथ्यावरचे ‘गिब्सन’ हे अक्षर चाकूने खरवडून काढले. १९८० मध्ये कंपनीशी समेट झाला तेव्हा ते नाव पुन्हा बसविण्यात आले. १९८५ साली तर त्याच्या घरात शिरून कोणी तरी ते वाद्य शेगडीच्या लोखंडी सळईने फोडले. गिब्सन कंपनीतील कारागीर चार्ली डेरिंग्टन ह्यांनी त्याच्या असंख्य चिळपा एकेक करून जोडल्या आणि वाद्य पुन्हा बोलते केले. मन्रो १९९६ साली वारला; ते मेंडोलिन आता नॅशव्हिल येथील कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेम ह्या संग्रहालयाच्या स्वाधीन आहे.

वकिलाच्या डोळ्यांनी पाहिल्यास ह्या कथेत मालकीविषयी एक मार्मिक बोध आहे. कागदावरची मालकी एका सौद्याने झाली. परंतु वाद्य मन्रोचे झाले ते वहिवाटीने. रोजच्या हाताने पडदे झिजले, दांडीचा रंग उडाला, तबलीवर नखीचे ओरखडे पडले. नवा तारदान, नव्या खुंट्या, नवे पडदे ह्या गोष्टी काळानुसार कराव्या लागतात, आणि त्या होतही राहिल्या. पण त्याने वाद्याच्या मूळ स्वभावाला हात लावला नाही, कारण त्याच्या संगीताला हवा तो तुटक, टणक, लाकडी ठेका त्या वाद्यात आधीच होता. त्याने जोडतारा ठेवल्या, कारण त्याला मींड नको होती. जोडतारांची ती चमकच त्याला हवी होती. ह्याला आम्ही सुधारणेचा अभाव म्हणत नाही. आपल्याला काय हवे आहे हे नेमके ठाऊक असलेल्या माणसाने ते सापडल्यावर शोध थांबविला, एवढेच.

तिसरे उत्तर उप्पलपु श्रीनिवास ह्यांचे, आणि आमच्या मते रागसंगीताच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. आंध्रातील पालकोल्लु येथे २८ फेब्रुवारी १९६९ रोजी त्यांचा जन्म झाला. वयाच्या सहाव्या वर्षी त्यांनी वडिलांचे मेंडोलिन उचलले. त्यांचे गुरू रुद्रराजु सुब्बराजु हे चेंबै वैद्यनाथ भागवतरांच्या परंपरेतले. त्यांना स्वतःला मेंडोलिन येत नसे. ते गाऊन दाखवीत आणि मुलाने ते वाद्यावर उतरवावे अशी शिक्षणाची रीत होती. आमच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचे बीज ह्यातच आहे. मेंडोलिन शिकविणारा गुरू मिळाला असता तर त्याने मेंडोलिनच्या सवयी शिकविल्या असत्या. गाणारा गुरू मिळाल्याने मुलाच्या कानात आधी गमक बसली, आणि मग त्या गमकेला पेलणारे वाद्य शोधण्याची पाळी आली. १९७८ साली गुडिवाडा येथील त्यागराज आराधनेच्या उत्सवात त्यांचे पहिले जाहीर वादन झाले; १९८१ मध्ये मद्रासच्या रसिकांपुढे ते बसले तेव्हा वय पुरते बारा वर्षांचे. पुढे १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९ सप्टेंबर २०१४ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

श्रीनिवासांनी वाद्यात केलेले बदल तीन. जोडतारा काढून एकेरी तारा बसविल्या. चारांच्या पाच केल्या, म्हणजे खर्जाकडे विस्तार मिळाला. आणि पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाचे, विजेच्या साहाय्याने वाजणारे वाद्य घेतले. हे बदल चैनीचे नव्हते, हे एकेकाचे कारण पाहिल्यास पटते. एकेरी तार झाल्याबरोबर स्वर ओढताना फाटण्याची भीती गेली. पाचव्या तारेमुळे मंद्रातील संचार शक्य झाला. आणि विजेच्या पिकअपमुळे, पोकळ पेटीवर जो स्वर छेडल्याबरोबर विरतो, तोच दीर्घकाळ ऐकू येत राहिला. भरीव लाकूड तारेची शक्ती लवकर शोषून घेत नाही आणि ध्वनिवर्धकापुढे घुमून शिटीही वाजवीत नाही. म्हणजे वर ज्या तीन अडचणी आम्ही सांगितल्या त्यांतील दोहोंवर त्यांनी वाद्य बदलून मात केली. तिसरी, ठोकलेल्या पडद्यांची, वाद्य बदलून सुटणारी नव्हती. ती त्यांनी बोटे घसरवून आणि तार ओढून सोडविली. पस्तीस सेंटिमीटरांच्या तारेवर पहिला पडदा दोन सेंटिमीटरांवर आणि वरच्या सप्तकात पडदे एक सेंटिमीटराहूनही जवळ येतात. ह्या अरुंदपणालाच त्यांनी बळ बनविले. एका झटक्यात बोट तीन-चार स्वर ओलांडते, आणि त्यामुळे त्यांच्या वादनात जो वेग येतो तो वीणेवर दुर्मीळच.

त्या वादनात दोष नाहीत असे नाही. वेगाचा मोह काही मैफलींत अनावर होतो, आणि श्रोत्यांच्या टाळ्यांसाठी पल्लवीच्या अखेरीस लयीचे फटाके उडतात. विजेच्या नादाला लाकडाचा ऊबदारपणा थोडा कमी, हेही खरे. पण एखादी कृती सावकाश मांडताना त्यांच्या तारेतून जो गाता स्वर निघतो, तो गुरूच्या गळ्यातून आलेला आहे ह्याविषयी शंका राहत नाही. सज्जादांनी सतारीचा हात मेंडोलिनवर आणला, तर श्रीनिवासांनी गुरूचा गळा आणण्यासाठी वाद्यच बदलून घेतले. दोघांपाशीही मागणी आधी होती आणि वाद्य नंतर आले. मन्रोच्या ठायीही तेच दिसते. म्हणून आमचा निष्कर्ष असा: कानाने जी उणीव नेमकी सांगता येते तीच दूर करण्यासाठी केलेला बदल सुधारणा ठरतो, उणीव सांगता येत नसताना केलेला बदल केवळ खर्च ठरतो.

आता ह्या निष्कर्षाचा व्यवहारात उपयोग काय ते सांगणे अगत्याचे आहे. एखाद्या मंडळाने किंवा गृहस्थाने साधे मेंडोलिन घेतले आणि ते बेसूर वाटले, तर बहुधा दोष वाद्याच्या किमतीत नसून जुळवणीत असतो. मेंडोलिनची घोडी तबलीला चिकटविलेली नसते. तारांच्या दाबानेच ती जागी बसते, आणि वाहतुकीत वा तारा बदलताना सरकते. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून निघणारा अनुनाद आणि त्याच पडद्यावर दाबून निघणारा स्वर एकच असावयास हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी तारदानाकडे सरकवावी. उतरता असेल तर दांडीकडे. तारा बदलताना एकेक बदलावी, म्हणजे घोडी हलत नाही. तारांची उंची बाराव्या पडद्यावर दीड ते दोन मिलिमीटर असावी. त्याहून फार उंच असल्यास दाबताना स्वर चढतो आणि बोटे दुखतात, फार खाली असल्यास तारा पडद्यांवर खुळखुळतात. माथ्याजवळच्या पट्टीतील खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या दोन-तीन पडद्यांवरचे स्वर कायम चढे येतात. ते काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

कोकणपट्टीत हवेचा विचार अधिक करावा लागतो. आषाढ-श्रावणात लाकूड ओलावा शोषते, तबली फुगते, तारा उंच होतात. उन्हाळ्यात किंवा घाटावरच्या कोरड्या हवेत तीच तबली खाली बसते आणि फार कोरड पडल्यास तडकते. म्हणून वाद्य पेटीत ठेवावे आणि ऋतू बदलल्यावर उंची पुन्हा तपासावी. समुद्राच्या खारट हवेने पोलादी तारा गंजतात. जोडातील दोन तारा सारख्या गंजत नाहीत. मोकळ्या वाजविताना मिळालेल्या वाटतात, पण वरच्या पडद्यांवर फटकतात. पुष्कळदा ‘वाद्य बिघडले’ म्हणतात ते एवढेच असते. आठ तारांचा मिळून ताण दीडशे पौंडांच्या आसपास किंवा अधिक भरतो, हेही ध्यानात असावे. एखाद्या घरी पोर्तुगीज काळापासून चालत आलेले जुने फुगीर पाठीचे मेंडोलिन असेल तर त्यावर आजच्या जाड तारा चढवू नयेत, नाही तर तबली खचते. त्यासाठी सर्वांत बारीक तारांचा संच घ्यावा.

खर्च करावयाचाच असेल तर त्याचा क्रम असा असावा. प्रथम चांगल्या तारा आणि जाड, कडक नखी, नंतर जुळवणी, मग नीट बसणारी घोडी, त्यानंतर गुळगुळीत फिरणाऱ्या खुंट्या. एवढे करूनही नाद बंदिस्त वाटला तर समजावे की तबली थरांच्या लाकडाची आहे, आणि तिच्यावर कितीही महाग तारदान बसविला तरी ती अखंड देवदाराची होणार नाही. तेव्हा त्या वाद्यावर पैसा ओतण्याऐवजी अखंड लाकडाच्या तबलीचे दुसरे घेण्यासाठी तो साठवावा. विजेचे मेंडोलिन घेताना लोक एक चूक हटकून करतात: चुंबकी पिकअपवर ब्राँझने गुंडाळलेल्या तारा लावतात. चुंबकाला लोह कळते, ब्राँझ कळत नाही. परिणामी जाड तारा मिणमिणत्या वाजतात. तेथे निकेलने गुंडाळलेल्या तारा हव्यात. साध्या मेंडोलिनला घोडीखाली दाब ओळखणारा पिकअप बसवावयाचा असल्यास त्यासोबत छोटा पूर्ववर्धकही घ्यावा, नाही तर नाद पातळ येतो. आणि केवळ नाद मोठा करावयाचा असेल, तर समोर ठेवलेला साधा मायक्रोफोन बहुतेक मंडपांना पुरतो.

ह्याच ठिकाणी एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख आम्हांस करावासा वाटतो. विजेचे वाद्य मंडपात आले की त्यामागोमाग मोठे ध्वनिवर्धक येतात, आणि भजनातील शब्द बुडून जातात. श्रीनिवासांनी वीज घेतली ती स्वर लांबविण्यासाठी, कानठळ्या बसविण्यासाठी नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे, वर्षातील थोड्या दिवसांपुरती सरकारला सवलत देता येते, आणि वस्तीच्या भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरलेली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी देवापुढे वाजवावयाचे तर टाळ-मृदंगाच्या नादात मिसळून जाईल इतकाच आवाज शोभतो. ज्या मंडळाला तो सांभाळता येत नसेल त्याने साधे मेंडोलिन घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी मालकीचा प्रश्न. देवस्थानच्या मंडळाला कोणी वाद्य अर्पण केले तर ते कोणाचे? १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मल्लिक घराण्याच्या खटल्यात देवमूर्ती ही केवळ जंगम वस्तू नसून कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे असा निर्णय दिला. त्या न्यायाने देवाला वाहिलेली वस्तू देवाची होते, आणि ती हाताळणारे महाजन वा मंडळी केवळ व्यवस्थापक उरतात. व्यवस्थापकाला वस्तूची निगा राखण्याचे कर्तव्य असते, ती आपल्या लहरीने मोडून बदलण्याचा अधिकार नसतो. तेव्हा अर्पण केलेल्या मेंडोलिनची जोडतार काढण्यापूर्वी, त्याच्या तबलीला पिकअपसाठी भोक पाडण्यापूर्वी, मंडळींनी बसून विचारावे: आपल्या भजनात नेमका कोणता स्वर उणा पडतो आहे? उत्तर मिळाले तर बदल जरूर करावा, आणि जुने भाग जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला वाद्य पूर्ववत करता येईल. उत्तर न मिळाल्यास तारा बदलून, घोडी जागेवर बसवून, मुलांच्या शिकवणीची वेळ वाढवावी. गुडिवाड्याच्या उत्सवात वाजविणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या मुलाला घडविले ते समोर बसून रोज गाणाऱ्या गुरूने. आपल्या प्रत्येक देवळात गाणारा माणूस आहे. मेंडोलिन हाती धरलेल्या मुलाला त्याच्यासमोर बसविण्यास काडीचाही खर्च येत नाही, आणि तेथून सुरुवात करावी अशी आमची सर्व मंडळांस विनंती आहे.